प्लेयरचे रूप सारखे असल्यास दाद मागता येते का?

प्रश्न (दादर): लॅमिंग्टन रोडवरील एका दुकानात दोन वेगळ्या कंपन्यांचे म्युझिक प्लेयर पाहिले, गोल चकती आणि पडदा इतके सारखे, की नाव झाकले तर ओळखणे अवघड. अशा वेळी मूळ उत्पादक कायद्याने काही करू शकतो का?

उत्तर (परळ): करू शकतो, मात्र डिझाइन कायदा, 2000 नुसार ते रूप लोकांसमोर येण्यापूर्वीच नोंदणीसाठी अर्ज केलेला असावा लागतो. संरक्षण 10 वर्षांचे असते, पुढे 5 वर्षे वाढवता येते, आणि ते केवळ दिसण्यापुरते असते.

उत्तर (मुलुंड): मोठे वाद दिसण्यापलीकडचेही असतात. म्युझिक प्लेयर बनवणाऱ्या सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने मे 2006 मध्ये ॲपलवर दावा लावला, तो आयपॉडच्या आकारावरून नव्हे, तर कलाकार, अल्बम, गाणे अशा पायऱ्यांनी गाणी निवडण्याच्या पद्धतीच्या पेटंटवरून. ऑगस्टमध्ये ॲपलने 10 कोटी डॉलर देऊन तडजोड केली आणि (हे मला अधिक रंजक वाटते) क्रिएटिव्ह आयपॉडसाठी जोडसामान बनवू लागण्यास राजी झाली.

प्रश्नकर्ता: मग चकतीची नोंदणी झाली आहे का, हे कुठे पाहावे?

उत्तर (परळ): पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर नोंदलेली डिझाइन्स शोधता येतात.