आईच्या मॅमोग्राममध्ये बायरॅड्स ४ए आलंय, बायोप्सी लगेच करायची का?

नाशिकची_लेक:
आई ५४ वर्षांची, हाताला गाठबिठ काही लागत नाही, चेकअपच्या पॅकेजमध्ये मॅमोग्राफी होती म्हणून केली तर डाव्या बाजूला बारीक कॅल्सिफिकेशनचा, म्हणजे कॅल्शियमच्या कणांचा पुंजका दिसतोय, बायरॅड्स ४ए, बायोप्सी करा असं लिहून आलंय. आई धड जेवत नाहीये. मावशी म्हणते सुई टोचली की कॅन्सर पसरतो, सहा महिने थांबा आणि परत काढा. एक सर्जन म्हणाले बायोप्सी कशाला, तेवढा भाग थेट काढूनच टाकू. कोणाचं ऐकू?

क्ष_किरण:
ताई, मी रेडिओलॉजीतच काम करते. बायरॅड्स म्हणजे मॅमोग्राममध्ये कॅन्सरचा संशय किती ते सांगणारा दर्जा, ४ए म्हणजे कॅन्सर निघण्याची शक्यता २ ते १० टक्के, म्हणजे शंभरातल्या नव्वदहून जास्त जणींना काही निघत नाही, हे आईला आधी सांगा. पण सहा महिने थांबायचं ते बायरॅड्स ३ ला, तिथे शक्यता २ टक्के किंवा त्याहून कमी असते. ४ ला थांबू नका. सुईने पसरतो ही भीती घरोघरी आहे, पण त्यापायी बायोप्सी टाळू नका, निदान त्याशिवाय होत नाही. अजून एक, असं कॅल्सिफिकेशन सोनोग्राफीत बऱ्याचदा दिसतच नाही, मग मॅमोग्राफीच्या मशीनवर नेम धरून तुकडे घ्यावे लागतात, त्याला स्टिरिओटॅक्टिक म्हणतात, ते सगळीकडे होत नाही म्हणून फोनवर आधीच विचारा. जुना मॅमोग्राम असेल तर त्याच्या फिल्म्स न्या, नुसता रिपोर्ट नको.

सातारकरीण:
माझी झालीय, भूल फक्त तेवढ्या जागेला देतात, नंतर काळंनिळं झालं आणि दोन-तीन दिवस ठणकलं, बस. आई रक्त पातळ व्हायची गोळी घेत असतील तर आधी सांगा, मनाने बंद करू नका.

नाशिकची_लेक:
खूप आधार वाटला. ॲस्पिरिन चालू आहे, विचारते. सर्जनना काय सांगू?

डॉक्टर_काका:
कोअर बायोप्सी (जाड सुईने तुकडा घेणं) आधी करू या असं स्पष्ट सांगा, नाही म्हणाले तर दुसरा सर्जन बघा, यात भिडस्तपणा नको. निदानाआधीच कापलं आणि कॅन्सर निघाला तर बहुतेक वेळा परत ऑपरेशन होतं, कारण किती काढायचं, काखेतल्या गाठी तपासायच्या का हे काहीच ठरलेलं नसतं. एफएनएसीवर, म्हणजे बारीक सुईच्या तपासणीवर पण भागवू नका, त्यात नुसत्या पेशी येतात, कोअरमध्ये तुकडा येतो आणि कॅन्सर निघालाच तर ईआर, पीआर, हर२ या उपचार ठरवायला लागणाऱ्या तपासण्या त्याच तुकड्यावर होतात. शंका राहिली तर स्लाइड आणि ब्लॉक (तुकड्याच्या काचा आणि मेणात जपलेला नमुना) मागून घ्या, टाटाला परळला दाखवता येतात. आणि रिपोर्ट नॉर्मल आला तरी रेडिओलॉजिस्टना एवढं विचाराच की फोटोत दिसतं त्याच्याशी हा रिपोर्ट जुळतो का? जुळत नसेल किंवा रिपोर्टमध्ये एटिपिया (पेशी नेहमीसारख्या न दिसणं) शब्द असेल तर मात्र तो भाग काढावा लागू शकतो.