जागतिक आरोग्याचे काम गोवंडीतून सुरू करता येईल का?

प्रश्न (द्वितीय वर्ष, एमबीबीएस)
नमस्कार. आमच्या विद्यार्थिगटाला जागतिक आरोग्यावर वर्षभर काम करायचे आहे. परदेशी विद्यार्थ्यांबरोबर चर्चासत्रे ठरली आहेत. परंतु मुंबईतील गोवंडीच्या एकाच इमारतीत क्षयरोगाचे तीन रुग्ण भेटल्यापासून मला ती पुरेशी वाटत नाहीत. एका दिवसाचे शिबिर घेऊन परतणेही पटत नाही. आम्ही काय करावे?

उत्तर १ (सामुदायिक वैद्यकाचा निवृत्त अध्यापक)
ही दोन वेगळी कामे नाहीत. बहुऔषधरोधी (नेहमीच्या मुख्य औषधांना दाद न देणाऱ्या) क्षयरोगावरील बेडाक्विलिन या औषधाची मक्तेदारी २०२७ पर्यंत लांबवू पाहणारा पेटंट अर्ज भारतीय पेटंट कार्यालयाने मार्च २०२३ मध्ये फेटाळला, तो मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले यांनी घेतलेल्या हरकतीमुळे; या दोघींनीही क्षयरोगावरील जुन्या औषधांच्या दुष्परिणामाने श्रवणशक्ती गमावली होती. औषध स्वस्त होण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली. मात्र झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारती इतक्या खेटून उभ्या असतील की खालच्या मजल्यांवर ऊन आणि खेळती हवा पोहोचत नाही, तर औषध मिळूनही शेजारच्या घरात नवा रुग्ण निर्माण होत राहतो. तुमच्या चर्चासत्रात हा प्रश्न अवश्य मांडा, पण आधी त्या जिन्यात उभे राहून तो समजून घ्या.

उत्तर २ (आरोग्यसेविका, गोवंडी)
विद्यार्थी येतात, प्रश्नावली भरून घेतात आणि पुन्हा दिसत नाहीत; पुढच्या खेपेस लोक मलाच दारातून परत पाठवतात. म्हणून मोजकीच घरे घ्या, पण उपचार संपेपर्यंत सोडू नका. क्षयरुग्णांना पोषणासाठी सरकारी मदत देणाऱ्या निक्षय पोषण योजनेत नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा ५०० ऐवजी १००० रुपये मिळतात, ते थेट बँक खात्यात. ज्याचे खाते गावाकडे आहे आणि आधारशी जोडलेले नाही, त्याचे पैसे अडकतात, आणि रोजंदारी बुडवून बँकेत खेटे घालणे त्याला परवडत नाही. या कामात तुमची खरी मदत होईल. रुग्ण मध्येच गावी निघाला, तर त्याची नोंद तिकडच्या केंद्राकडे वर्ग झाली की नाही, हेही पाहावे लागते.

प्रश्नकर्ती
दोघांचेही मनःपूर्वक आभार. ताई, आम्ही पाच जण आहोत. शनिवारी दुपारी आलो तर चालेल का?

आरोग्यसेविका
शनिवारी दुपारी पुरुषमाणसे कामावर असतात. रविवारी सकाळी या, आणि पहिले दोन आठवडे कागद आणू नका.