‘फंक्शनल क्युअर’ला मराठीत काय म्हणावं?

टाकबोरू: एचआयव्हीवरचा लेख भाषांतराला घेतलाय. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात १० जणांना लस, मग अँटिबॉडी आणि प्रतिकारशक्तीला डिवचणारं एक औषध असं सगळं मिळून दिलं आणि रोजच्या गोळ्या थांबवल्या. निकाल डिसेंबर २०२५ मध्ये छापून आले. एरवी गोळ्या सोडल्या की काही आठवड्यांत विषाणू उसळतो. इथे ७ जणांत तो महिनोन्‌महिने कमीच राहिला. लेखात याला ‘फंक्शनल क्युअर’ म्हटलंय, म्हणजे विषाणू शरीरात असतो, पण गोळ्यांविनाही आटोक्यात राहतो. मी ‘कार्यात्मक उपचार’ लिहिलं, तर बायको म्हणते, म्हणजे लग्नकार्यात घ्यायचा का?

शेवंती: वहिनींचं बरोबर आहे. शिवाय उपचार म्हणजे ट्रीटमेंट, तो गोळ्यांनी चालूच असतो. ‘रोगमुक्ती’ चालेल?

पाणवठा: नको! मी समुपदेशनाचं काम केलंय. ‘रिपोर्टमध्ये विषाणू दिसत नाही’ म्हटलं की लगेच प्रश्न, “म्हणजे गेला ना मॅडम?” गेला नाही, पेशींत दडून बसलाय, हे दर वेळी सांगावं लागतं. मुक्ती वाचून कुणी गोळ्या सोडल्या तर?

शेवंती: पटलं. मुक्ती टिमोथी रे ब्राउनची. २००७ साली बर्लिनला रक्ताच्या कर्करोगासाठी दुसऱ्याच्या मूळपेशी बसवल्या आणि एचआयव्ही परत आलाच नाही.

जुना खर्डा: आपल्याकडे पायऱ्या आहेत की. औषधाचा गुण येतो, तापाला उतार पडतो, दुखण्याला आराम पडतो, मग माणूस खडखडीत बरा होतो. ‘उतार’ घ्या.

पाणवठा: उतार पडलेला ताप रात्री पुन्हा चढतो हो, काका. अमेरिकेत मिसिसिपीला एचआयव्ही घेऊन जन्मलेल्या बाळाचं तेच झालं. मार्च २०१३ मध्ये ‘फंक्शनली क्युअर्ड’ म्हणून गाजलं, जुलै २०१४ मध्ये विषाणू परत सापडला.

टाकबोरू: आणि ‘ताबा’? औषधाविना ताबा?

शेवंती: शरीराचा ताबा भूत घेतं. वाक्य उलटंच वाचलं जाईल.

जुना खर्डा: मग नाम कशाला हवं? सरळ लिहा, ‘गोळ्या बंद करूनही विषाणू शरीराच्या धाकात राहतो’. आहे, पण डोकं वर काढत नाही.

पाणवठा: धाकात! हे पेशंटला एका दमात कळेल.

टाकबोरू: घेतलं. मथळ्यात ‘फंक्शनल क्युअर’ देवनागरीत ठेवतो, पहिल्या वाक्यात ‘धाकात’. उरलेल्या तिघांसाठी ‘उसळला’ आहेच.