शोनेन हा जॉनर नाहीये, किती वेळा सांगायचं

पिवळीछत्री: इथल्या मांगा (जपानी चित्रकथा) यादीबद्दलची "टॅगची नुसती खिचडी झालीये, शोनेन, सेनेन, अ‍ॅक्शन, रोमान्स असे आठ-दहाच ठेवा" ही पोस्ट वाचून डोकं फिरलं. शोनेन (किशोर मुलांसाठी) काय नि सेनेन (तरुण पुरुषांसाठी) काय, कुठल्या नियतकालिकात छापून आलं त्याचा शिक्का. डेथ नोटसारखी खुनांची थरारकथा पण शोनेन जंपमधलीच, म्हणून वन पीससारखं चाच्यांचं साहस वाचणाऱ्याच्या गळ्यात मारायची का? व्हिनलँड सागा 2005 मध्ये शोनेन मॅगझिनमधून आफ्टरनून या सेनेन मासिकात गेली, मग त्या महिन्यापासून जॉनर बदलला? वेगळा रकाना द्या, जॉनरमध्ये नको.

कट्टावाचक: पोस्ट माझीच. संपादक वाचक बघूनच कथा वळवतात ना, मग शिक्का निरुपयोगी कसा? आणि एकेका मालिकेला तलवार, मांजर, चष्मा असले चाळीस टॅग, चष्मा कोण शोधतं??

रात्रपाळी: मी शोधते, पुढे बोला. ते शोनेन-बिनेन राहू दे, स्पॉयलरचं काय? रहस्यकथा म्हणून उघडली तर वरतीच 'टाइम लूप' (तोच काळ पुन्हा पुन्हा) लिहिलेलं, अख्खा ट्विस्ट गेला. अ‍ॅनिलिस्ट साइटवर असे टॅग झाकलेले तरी असतात.

कट्टावाचक: झाकून काय उपयोग, टाइम लूपचा फिल्टर लावला की यादीत येणारच ना ती.

रात्रपाळी: मग फिल्टर लावणाऱ्याने भोगावं, माझ्या तोंडावर कशाला मारता

निळीशाई: मला उलट सगळे टॅग उघडे हवेत. आई दवाखान्यात होती तेव्हा हलकंफुलकं म्हणून स्लाइस ऑफ लाइफ (रोजच्या जगण्याची साधी गोष्ट) उघडली आणि तिसऱ्या भागात आईचं आजारपण. टॅग असता तर वगळली असती.

कट्टावाचक: एवढं सोसत नसेल तर वाचू नये माणसाने.

निळीशाई: वा! स्वतःला आठच्या वर टॅग सोसत नाहीत आणि दुसऱ्याला शहाणपण.

रात्रपाळी: +१. तरी निळीशाई, झाकलेला टॅग वगळता येतोच की, तुमचंही भागतं माझंही.

निळीशाई: येतो, पण कुणी लावलेला असेल तर ना.

पिवळीछत्री: मूळ मुद्द्यावर या रे कोणी. टॅग कितीही असू देत, प्रत्येक टॅग कथेला किती लागू त्याचे टक्के दाखवा. एका चुंबनावर रोमान्स लावतात, तो वीस टक्क्यांवर खाली बसेल.

कट्टावाचक: बरं बाई, टक्के चालतील. पण शोनेन काढू देणार नाही, फार तर वेगळ्या रकान्यात ठेवा.

पिवळीछत्री: पहिल्याच पोस्टमध्ये तेच लिहिलंय. शेवटपर्यंत वाचत जा.