आजीच्या ओव्यांची कॅसेट : खरखर काढण्यासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे?

प्रश्न : 1987 साली वडिलांनी आजीच्या जात्यावरच्या ओव्या कॅसेटवर ध्वनिमुद्रित केल्या होत्या. त्या मी संगणकावर उतरवून घेतल्या आहेत. मात्र सतत फुसफुस ऐकू येते आणि तिच्याखाली विजेची घरघरही आहे. आजीचा आवाज न बिघडवता हे काढता येईल का?

उत्तर 1 : ऑडॅसिटी हे ध्वनिसंपादनाचे सॉफ्टवेअर मोफत आहे, त्यापासून सुरुवात करावी. आजी श्वास घेण्यासाठी थांबते तेथील नुसत्या फुसफुशीचा तुकडा निवडून त्याचा नमुना सॉफ्टवेअरला द्यावा आणि मग संपूर्ण फितीवरचा गोंगाट 6 ते 8 डेसिबलच कमी करावा. जास्त ओढल्यास आवाज पाण्याखालून आल्यासारखा बुडबुडतो आणि 'स', 'श' बोथट होतात. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची असल्यामुळे घरघर 50, 100, 150 अशा ठरावीक जागी सापडते; ती नॉच फिल्टरने (तेवढीच कंपनसंख्या गाळणाऱ्या सोयीने) आधी काढावी.

उत्तर 2 : आयझोटोप आरएक्स हे ध्वनिदुरुस्तीचे सॉफ्टवेअर महाग आहे, पण मध्येच भांडे पडल्याचा आवाज आला असेल, तर तो ध्वनिचित्रावर (आवाज चित्ररूपात दाखवणाऱ्या आलेखावर) नेमका निवडून पुसता येतो. एकाच कॅसेटसाठी मात्र मी ते घेणार नाही. त्याआधी प्लेअरचे हेड (फीत वाचणारा भाग) स्पिरिटने पुसून फीत पुन्हा उतरवावी, कारण मळलेल्या हेडमुळे हरवलेले वरचे स्वर कोणतेही सॉफ्टवेअर खऱ्या अर्थाने परत आणू शकत नाही.

प्रश्नकर्ता : हेड खरोखरच तपकिरी झाले होते. ते पुसल्यावर ओवीमागची जात्याची घरघर प्रथमच स्पष्ट ऐकू आली. ती मी तशीच ठेवणार आहे.