मदत हवी आहे: भाऊ दवाखान्यात यायला तयार नाही, काय करावं?

नमस्कार मंडळी, यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातून लिहितो. मोठा भाऊ ४१ वर्षाचा, दिवाळीपासून झोप नाही, रात्रभर अंगणात फेऱ्या मारते, कोणीतरी आपल्यावर नजर ठेवून आहे म्हणते, कपाशी फुटून लोंबून राहिली तरी वावरात पाय ठेवत नाही. दारू नाही, शुगर-थायरॉईड नॉर्मल. मरायचं बोलत नाही, तरी वहिनीनं फवारणीच्या बाटल्या शेजारी नेऊन ठेवल्या.

टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मी बोललो, मराठीत नीट ऐकून घेतलं आणि डॉक्टरला दाखवाच म्हणाले. आशाताईही समजावून गेल्या. पण भाऊ म्हणते मी काय पागल आहो का, एसटीत बसतच नाही, नागपूरच्या मनोरुग्णालयाचं नाव काढलं का उठून निघून जाते. त्याला बांधून न्यायचं नाही, आणि झाडफूक कृपया सुचवू नका.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची टीम ग्रामीण रुग्णालयात येते म्हणतात, तर तो वार कोणाला विचारायचा, पेशंट न नेता आधी मी आणि वहिनी जाऊन बोललो तर चालते का, आणि कोणाच्या घरी टीम स्वतः आली आहे का?