पोस्ट कंपनीने काढली की सरकारने काढायला लावली?

लेखणीबंद: एखाद्या पेजवरची सरकारी धोरणावर टीका करणारी पोस्ट अचानक गायब झाली, तर ती कंपनीने काढली की सरकारी आदेशावरून गेली, हे ओळखायचं कसं? आणि राज्यघटनेतलं कलम १९(१)(अ), म्हणजे अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य, घेऊन थेट उच्च न्यायालयात जाता येतं का?

तळटीप: आधी आलेली नोटीस नीट वाचा. 'कम्युनिटी गाइडलाइन्सचा भंग' म्हटलंय आणि पोस्ट जगभरातून गेलीय, तर बहुधा कंपनीचाच निर्णय. 'कायदेशीर मागणीमुळे तुमच्या देशात उपलब्ध नाही' असं आहे आणि परदेशात तीच लिंक उघडतेय, तर मागे सरकारी किंवा न्यायालयाचा आदेश धरून चाला.

कंपनीने स्वतःहून काढली असेल, तर २०२१च्या आयटी (माहिती तंत्रज्ञान) नियमांतला नियम ४(८) कामाचा. ५० लाखांहून जास्त नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या कंपनीने काढण्याआधी कारण कळवायचं आणि म्हणणं मांडायला पुरेशी संधी द्यायची. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहिताना हा नियम आकड्यासकट टाका. लिंक, तारीख दिसणारा स्क्रीनशॉट आणि नोटीस जोडा. नुसतं 'अभिव्यक्तीवर घाला' लिहिलंत तर छापील उत्तर येणार. उत्तर पटलं नाही तर ते मिळाल्यापासून ३० दिवसांत ग्रीव्हन्स अपिलेट कमिटीकडे (सरकारने नेमलेली अपील समिती) अपील.

कलमदान: सरकारी आदेश असेल तर खरी गुंतागुंत. मजकूर ब्लॉक करण्याचा अधिकार सरकारला देणाऱ्या आयटी कायद्याच्या कलम ६९-अ खाली कारणं मोजकी आहेत: सार्वभौमत्व-अखंडता, संरक्षण, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्र संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, किंवा यांच्याशी निगडित दखलपात्र गुन्ह्याला चिथावणी. बदनामी हे कारण अभिव्यक्तीवरच्या मर्यादा सांगणाऱ्या घटनेच्या कलम १९(२) मध्ये आहे, इथे नाही. २००९च्या ब्लॉकिंग नियमांतल्या नियम ८ प्रमाणे पोस्ट टाकणाऱ्याला 'किंवा' मध्यस्थ कंपनीला नोटीस द्यायची, उत्तराला किमान ४८ तास. सगळी मेख त्या 'किंवा'त. कंपनीला नोटीस गेली की भागलं, लिहिणाऱ्याला पत्ताच नाही! वर त्याच नियमांतल्या नियम १६ची गोपनीयता. माहिती अधिकारात प्रत मागितली तर तोच नियम पुढे येतो.

पण सर्वोच्च न्यायालयाच्या २०१५च्या श्रेया सिंघल निकालात ६९-अ टिकलं, त्यामागे एक कारण होतं: आदेशाची कारणं लेखी असतात आणि घटनेच्या कलम २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका करून त्यांना आव्हान देता येतं. म्हणून रिटमध्ये पहिली मागणी आदेशाच्या प्रतीची करा.

सरकारची दुसरी वाट आयटी कायद्याच्याच कलम ७९(३)(ब)ची. तिथे समिती नाही, सुनावणी नाही; कंपनीने ऐकलं नाही तर वापरकर्त्यांच्या मजकुराच्या जबाबदारीपासून तिला असलेलं कायदेशीर संरक्षण जातं, त्यामुळे ती वाद न घालता काढून मोकळी होते. याच वाटेने कंपन्यांना मजकूर काढायच्या नोटिसा धाडणाऱ्या सरकारी 'सहयोग' पोर्टलविरुद्धची एक्सची (पूर्वीचं ट्विटर) याचिका कर्नाटक उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळली.

लेखणीबंद: आणि रिट थेट कंपनीविरुद्धच केलं तर?

तळटीप: मूलभूत हक्क मुख्यतः 'राज्या'विरुद्ध, म्हणजे सरकार आणि सरकारी यंत्रणांविरुद्ध, असतात आणि कंपनी घटनेच्या कलम १२ मधलं 'राज्य' नाही, तिथेच अडतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३च्या कौशल किशोर निकालात बहुमताने कलम १९ आणि २१चे (जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्य) हक्क बिगरसरकारी पक्षांविरुद्धही बजावता येतात असं म्हटलंय, त्यामुळे मुद्दा मांडता येईल. पण त्या नादात अपिलाचे ३० दिवस घालवू नका.